पाचव्या चौकोनातली फळी

"पण भाई, यात चूक कुठं आहे?"

मृणाल घाटपांडेने हा प्रश्न सकाळपासून तिसऱ्यांदा विचारला. तिच्या हातात रंगमंचाचा नकाशा होता. नऊ चौकोन; तीन पुढं, तीन मधे, तीन मागं. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचे दिवे वेगळ्या रंगात.

दस्तगीरभाई मुजावर खुर्चीत बसून मोजे काढत होते. मिरजेचा हा माणूस चाळीस वर्षं नाटकांना उजेड देत होता, पण त्याने कधी कागदावर रेघ ओढलेली कुणी पाहिली नव्हती.

"चूक नाही," भाई म्हणाले. "अक्षरसुद्धा छान आहे."

मृणालला ते कौतुक चांगलंच झोंबलं.

गाव अनोळखी, नाट्यगृह जुनाट. आमच्या नाटक कंपनीतल्या कुणीही तिथं पूर्वी पाऊल ठेवलेलं नव्हतं. मृणालने आठ दिवस आधी फोनवरून लांबी-रुंदी मागवली होती आणि आल्या आल्या टेप लावून पाहिली, तर बोटभरही फरक निघाला नाही. बाहेरच्या फलकावर प्रकाशयोजनेपुढे आज पहिल्यांदाच तिचं नाव होतं. त्याचा फोटो आईला पाठवून झाला होता. चारचा खेळ नीट पार पडला तर पुढचा सगळा दौरा तिच्या हाती द्यायचा, असं भाईंनी कबूल केलं होतं. त्यासाठी तिची धडपड चालली होती, आणि ती धडपड कुणाला दिसू नये म्हणून आणखी एक.

भाई अनवाणी रंगमंचावर चढले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालले. मग परत. वर टांगलेल्या दिव्यांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मधोमध आल्यावर थांबले आणि जरा दाबून उभे राहिले.

कर्रर्र...

"ऐकलंस?"

"फळी वाजतेय," मृणाल म्हणाली. "माझा विषय दिव्यांचा आहे, भाई. सुतारकामाचा नाही."

"तेही खरंच," भाई हसून म्हणाले, आणि खाली येऊन बसले.

त्या मधल्या, पाचव्या चौकोनातच नाटकाचा जीव होता. दुसऱ्या अंकात आई तिथं उभी राहून घर सोडून गेलेल्या मुलाचं पत्र वाचते, तेही अगदी हलक्या आवाजात. आईचं काम कमलिनीबाई करायच्या. मृणालने त्यांच्यासाठी एक दिवा असा लावला होता की फक्त चेहरा आणि कागद उजळावा, बाकी सगळा काळोख.

दुपारी तो प्रवेश करून पाहायचं ठरलं. मृणालने बाईंना जागा दाखवली, खडूने फुलीही मारली. बाई बिचाऱ्या बरोबर फुलीवर येऊन उभ्या राहिल्या. पत्र उघडलं, पहिलं वाक्य म्हटलं आणि पायाखाली फळी वाजली. दुसऱ्या वाक्याला त्या दोन पावलं डावीकडे सरकल्या आणि अंधारात गेल्या.

मृणालने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, अगं, मी जागची हललेच नाही. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

मृणाल भाईंकडे आली. "तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?"

"उजेडात उभ्या राहा म्हणून."

भाईंनी थोडा विचार केल्यासारखं केलं. "दिव्याला सांगून पाहिलंस?"

...

मी त्या कंपनीत पडदा सांभाळायचो. विंगेतून मला सगळं दिसत होतं. मला तिची दया आली आणि हसूही आलं.

मग तिने बूट काढले आणि रंगमंचावर फिरू लागली, आधी रागारागाने, मग हळूहळू. पाचवा चौकोन सगळाच वाजत होता. त्याच्या डावीकडे मात्र, चौथ्या आणि पाचव्याच्या बरोबर रेघेवर, एक फळी मुकी होती. मृणाल तिच्यावर उभी राहिली आणि पत्रातलं एक वाक्य पुटपुटली. वाक्य सबंध ऐकू आलं. तिने शिडी मागवली आणि दिवा त्या रेघेवर वळवला.

चारच्या खेळाला पत्राचा प्रवेश आला. बाई थेट त्या मुक्या फळीवर येऊन उभ्या राहिल्या, फुलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांचा हात शेंगदाण्याच्या पुडीत गेला होता, तो अंक संपेपर्यंत तिथंच राहिला. मृणाल दिव्यांच्या बटणांपाशी बसून चक्क रडली. इतकी खूश झाली होती.

खेळ संपला, सामान बांधायला लागलो. मृणाल वही-पेन घेऊन भाईंच्या शेजारी येऊन बसली.

"उद्याचं नाट्यगृह तुमच्या माहितीतलं आहे ना?"

"पन्नासेक खेळ केलेत तिथं."

"मग सांगा." तिने कोरं पान काढलं. "कुठली फळी वाजते, बाई कुठं सरकतील... सगळं लिहून घेते."

भाईंनी खिशातून दिवे आवळायचा पाना काढला आणि तिच्या वहीच्या मधोमध ठेवला.

"तिथली फळीन् फळी मला पाठ आहे," ते म्हणाले. "म्हणून मी येत नाही. तू एकटी जा."