अकराव्या मजल्याचं तारण

“हिशेब पक्का केलास ना?” अप्पाजींनी विचारलं.

“अगदी चोख!” मल्लिनाथ म्हणाला. पुण्यात फ्लॅट घेणारा त्यांच्या गल्लीतला तो पहिलाच, तोही अकराव्या मजल्यावर. गडी हवेतच होता म्हणा ना! मठात येऊन अप्पाजी स्वामींचा आशीर्वाद घ्यायचा, एवढंच काय ते बाकी राहिलं होतं.

“घराच्या किमतीवर आणखी काय काय लागतं, लोकांना पत्ताच नसतो, अप्पाजी. मुद्रांक शुल्क, नोंदणी, बँकेची फी, वकील, विमा... मी सगळं धरलंय. व्याज वाढलं तर हप्ता किती वाढेल, तेसुद्धा.”

“शाबास. आणि?”

“पार्किंग. सोसायटीची देखभाल.”

“आणि?”

मल्लिनाथ वैतागला. आता आणखी काय राहिलं?

“माझ्या पगारावर कर्ज कमी बसत होतं,” तो शेवटी म्हणाला. “म्हणून इथलं आईचं घर तारण देतोय. उद्या तिची सही. नुसती औपचारिकता हो!”

“हप्ते थकले तर?”

“नाही थकणार.”

अप्पाजींनी दाराकडे पाहिलं.

त्याची आई, गौरव्वा, दाराशी बसली होती. नवरा गेल्यावर लोकांची धुणीभांडी करून तिनं त्या घराच्या भिंती उभ्या केल्या होत्या. मुलाचं बोलणं ती मान खाली घालून ऐकत होती.

“नव्या घरात जाताना जुन्या घरची चिमूटभर माती न्यायची, ही आपली रीत. आणलीस?” अप्पाजींनी मल्लिनाथला विचारलं.

“अकराव्या मजल्यावर माती कुठं टाकू, अप्पाजी?” मल्लिनाथ हसला.

गौरव्वानं हळूच पदराची गाठ सोडली.

“मी आणलीय.”

“अंगणातली?” अप्पाजींनी विचारलं.

“चुलीमागची. आजच काढून घेतली. उद्या सही झाली की बँकेला विचारून घ्यावी लागेल ना?”

मल्लिनाथ पुढं सरसावला.

“आई, असं काही नसतं गं...”



“तू म्हणशील तसं, बाळा,” ती म्हणाली.

अप्पाजी आसनावरून उठले. तिच्यासमोर खाली बसले. ती माती त्यांनी कपाळाला लावली आणि आपल्या हातानं तिच्या पदराला पुन्हा गाठ मारली.



मल्लिनाथ वाकला.

“आशीर्वाद द्या, अप्पाजी.”

“देतो की. त्याला तारण म्हणून तू तुझं काय ठेवतोस?”