फोलपटाची टोपली

घाटाच्या उतरणीवर भातशेतीचं एक गाव होतं. त्या गावात वैजयंती नावाची एक बाई राहायची. ती नेमकं काय काम करते, हे गावाला कधी नीट समजलं नाही. सकाळी अंगण झाडून, चहा घेऊन ती कॉम्प्युटरसमोर बसायची, ती जेवायलाच उठायची. "वैजू घरात बसून पत्रं निवडते," असं शेजारच्या बायका पाहुण्यांना सांगायच्या. आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं चूक काही नव्हतं.

ईमेल म्हणजे शेवटी टपालच. ते आधी एका सर्व्हरवर येऊन पडतं आणि तिथून ज्याच्या त्याच्या पेटीत जातं. आता चांगल्या टपालाबरोबर लबाडांचं टपालही येणारच. कोणाला न काढलेल्या तिकिटाची लॉटरी लागते, कोणाचं नसलेलं बँकखातं बंद पडायला निघतं. वैजयंतीने लिहिलेलं सॉफ्टवेअर सर्व्हरच्या दारात उभं राहायचं, दाणा आत सोडायचं आणि फोलपट अडवायचं. म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं होतं 'पाखडण'. पाखडण गावच्या पाणवठ्यासारखी सगळ्यांना खुली होती. ज्याला हवी त्याने न्यावी, आत काय आहे ते उघडून बघावं, काही मोडलं असेल तर सांगावं. शाळा, वसतिगृहं, लहानसहान दवाखाने ती वापरत. फुकटचं असल्यामुळे कौतुक कमी आणि तक्रारी फार, हा जगाचा नियम तिथेही होताच.

पाखडण सांभाळणारी माणसं दोन. एक वैजयंती आणि दुसरे बावतीस घोन्साल्विस. ते वसईकडचे, वयाने तिच्यापेक्षा पुष्कळ मोठे. ती त्यांना दादा म्हणायची. कित्येक वर्षं दोघांनी जोडीने काम केलं, पण एकमेकांचं तोंड कधी बघितलं नाही की आवाज ऐकला नाही. या कामातल्या माणसांची रीतच तशी. भांडण, थट्टा, सल्ला, सगळं मेलवर चालायचं. फोन नंबर विचारायचं कोणाला सुचतच नाही. दोघांचा एकच दंडक होता. एकाने लिहायचं, दुसऱ्याने बघायचं, आणि दुसऱ्याने बघितल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नाही.

पाखडणीत एक टोपली होती. संशय आलेला मेल फेकला जायचा नाही, तो या टोपलीत पडायचा. रोज सकाळी ज्याने त्याने आपली टोपली चाळावी आणि चुकून पडलेला दाणा उचलून घ्यावा. ही युक्ती वैजयंतीने आपल्या गावातच पाहिली होती. तिथे पहिल्या पाखडणीचं फोलपट कोणी लगेच उकिरड्यावर नेत नाही. ते पोत्यावर बाजूला ठेवतात आणि हात मोकळा झाला की पुन्हा एकदा सुपात घेतात. मूठभर दाणे निघतातच.

पण लोकांना टोपलीचा कंटाळा यायला लागला. "कचरा अडवता तर अडवता, वर आम्हालाच तो बघायला लावता?" असं जो तो लिहू लागला. त्यातच लबाडांनी नवी टूम काढली. ओळखीच्या माणसाचं सोंग घेऊन ते लिहायचे, "तातडीचं आहे, अडचणीत आहे, लगेच या नंबरवर फोन कर." भोळी माणसं फोन करायची आणि फसायची. टोपल्या असल्या मेलनी भरून वाहू लागल्या. वैजयंती वैतागली. तिने एक कडक नियम लिहिला. पाठवणारा अनोळखी, मजकुरात 'तातडी', 'लगेच' असले शब्द आणि खाली फोन नंबर असेल, तर तो मेल टोपलीतसुद्धा ठेवायचा नाही. सरळ टाकून द्यायचा. पाठवणाऱ्यालाही कळवायचं नाही, नाहीतर लबाड शहाणा होतो.

बावतीसदादांना ते पटलं नाही. त्यांनी लिहिलं, "वैजू, हे शब्द लबाडाचे नव्हेत. अडलेल्या माणसाचे आहेत, लबाडाने ते चोरलेत. चोर पकडताना घरधन्याला चोपू नकोस. टोपलीत राहू दे."

"तुमचं वय झालं, दादा," वैजयंतीने उलट लिहिलं. "लोकांना आता टोपल्या उपसायला वेळ नाही. मी आधी माझ्या सर्व्हरवर लावून बघते. मग तुम्हीच नियम बघून हो म्हणाल."

"बघ बुवा," एवढंच त्यांचं उत्तर आलं.

तिने नियम आपल्या सर्व्हरवर लावला, आणि काय सांगावं, तिची पेटी आरशासारखी लख्ख झाली. मग तिने मोठ्या हौसेने बावतीसदादांना लिहिलं, "आता नियम तपासा आणि हो म्हणा." उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. रोज सकाळी ज्यांचा मेल चहाबरोबर यायचा, ते अगदी गप्प.

वैजयंती मनातून दुखावली. आधी वाटलं, कामात असतील. मग वाटलं, रुसले असतील. आणि मग वाटलं, आपलं खरं ठरलं ते त्यांना सहन होत नाही. माणसाचं मन असंच असतं. समोरचा गप्प बसला की त्याची उत्तरं आपणच रचायला घेतो, आणि ती कधी गोड रचत नाही. एके दिवशी रागाच्या भरात तिने तो नियम कोणी न तपासताच सगळ्यांसाठी बाहेर सोडला. आणि पाखडण सांभाळणाऱ्यांच्या यादीतून बावतीस घोन्साल्विस हे नाव पुसून टाकलं.

लोक खूष झाले. "आता कचऱ्याचं नाव नाही," असं जिकडून तिकडून यायला लागलं. वैजयंतीला बरं वाटायचं. पण चहा घेताना हात उगाच थबकायचा. कौतुक लिहून कळवायला कोणी उरलं नव्हतं.

एक तक्रार मात्र आली. मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या सरोदेबाईंनी लिहिलं होतं, "एका पालकाने मेल पाठवला होता म्हणतात. आमच्याकडे आलाच नाही. टोपलीतही नाही. जरा बघाल का?"

वैजयंतीने आपली पेटी बघितली. मेल येत होते, जात होते. तिने लिहिलं, "माझ्याकडे व्यवस्थित चालतंय," आणि तक्रार बंद करून टाकली. या धंद्यातल्या माणसांचं हे ठेवणीतलं वाक्य. आपल्या चुलीवर भात शिजला की गावातल्या सगळ्या चुली पेटल्या, असं धरून चालायचं.

सरोदेबाईंचं दुसरं पत्र आलं. ते अगदी शांत होतं. "तुमच्याकडे चालतंय हे ऐकून बरं वाटलं. आमच्या एका मुलीच्या वडिलांनी कोणाच्या तरी मोबाईलवरून लिहिलं होतं. आजी अत्यवस्थ आहे, तातडीने फोन करा, मुलीला लगेच पाठवा, असं. आजी गेली. मुलगी तिला भेटू शकली नाही. ती विचारते, बाबांनी मला का कळवलं नाही. मी तिला काय सांगू?"

तेच शब्द याही पत्रात होते, पण खाली फोन नंबर नव्हता. फोन करायची वेळ निघून गेली होती, म्हणूनच तर ते पोचलं.

 वैजयंतीने शेजारणीचा मोबाईल मागून आणला आणि त्या वडिलांनी लिहिलं असेल तसंच स्वतःला लिहून पाठवलं. "तातडीचं आहे. लगेच फोन करा." खाली शेजारणीचा नंबर घातला. आणि वाट बघत बसली. मेल आला नाही. टोपलीत नाही, कुठेच नाही. पाठवणाऱ्या शेजारणीच्या मोबाईलवरही परत काही आलं नाही. जणू कोणी काही लिहिलंच नव्हतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे तर जळल्याचा धूरसुद्धा दिसत नव्हता.

तिने तिथल्या तिथे नियम मागे घेतला आणि सगळ्यांना कळवलं. आणि मग तिला एकदम आठवलं. सगळ्यांत आधी हा नियम कोणाच्या दारात लावला होता? तिच्याच. आणि तेव्हापासून कोण गप्प होतं?

काय फेकलं गेलं ते बघायची सोय नव्हती. टाकलेलं उरत नाही, नियमच तसा तिने लिहिला होता. तिने बावतीसदादांना मेल केला. उत्तर नाही. फोन करावा तर नंबर नाही. तिला त्यांच्याविषयी माहीत होतं ते इतकंच, की चर्चच्या मागे घर आहे, अंगणात विहीर आहे आणि गावाचं नाव काय. तिने कपडे भरले आणि एसटी पकडली.

गावात उतरून तिने विचारलं, "कॉम्प्युटरचं काम करणारे बावतीस घोन्साल्विस कुठे राहतात?" असा कोणी माणूस गावाला माहीत नव्हता. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "कॉम्प्युटरवाला नाही बाय, केळीवाला बावतीस आहे. विहिरीजवळ."

विहिरीजवळ केळीच्या सावलीत एक गृहस्थ काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. त्यांच्या पत्नी, आग्नेसबाई, शेजारी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या. वैजयंती फाटकातच थांबली आणि म्हणाली, "दादा, मी वैजू."

बावतीस आवाजाच्या दिशेने वळले.  मग म्हणाले, "तुझा आवाज मी जरा बारीक धरला होता."

सगळं आग्नेसबाईंनी सांगितलं. एका डोळ्याने यांना आधीपासूनच अंधूक दिसायचं, आणि एका सकाळी चांगल्या डोळ्याचा पडदा सरकला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन ताबडतोब, आणि कॉम्प्युटरकडे बघायचंसुद्धा नाही. "यांनी तुझा पत्ता तोंडपाठ सांगितला आणि मी माझ्या मोबाईलवरून लिहिलं. तातडीचं आहे, डोळ्याचं ऑपरेशन आहे, लगेच या नंबरवर फोन कर. दोनदा लिहिलं. माझ्या मोबाईलवर तुझं काही आलं नाही, आणि यांचा कॉम्प्युटर मला उघडता येत नाही."

"ऑपरेशनआधी बोलायचं होतं," बावतीस म्हणाले. "डोळा राहिला नाही तर नियम कसा तपासणार? म्हटलं, तू फोनवर वाचून दाखव, मी ऐकून सांगेन. मग तू गप्प. वाटलं, म्हातारा झाला म्हणालीच होती. मला टाकलं असेल."

 पण आणखी एक गोष्ट राहिली होती. आपलं नाव पुसलं गेलंय हे बावतीसना माहीत नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं आणि आग्नेसबाईंना त्यातलं कळत नव्हतं. घरी जाऊन नाव गुपचूप परत लावलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. तिने विहिरीकडे बघितलं, केळीकडे बघितलं. मग खाली बसून म्हणाली, "दादा, तुमचे मेल माझ्या नियमाने खाल्ले, तो माझा उतावीळपणा. पण तुमचं नाव मी माझ्या हाताने पुसलंय. रागाने. ते कोणत्या नियमाने केलेलं नाही."

आग्नेसबाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि त्या उठून आत गेल्या.  बावतीसना लागलं होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"हे लागलं मला," ते म्हणाले. "पण तू आलीस. एवढ्या लांबून, मी लिहिलं की नाही हे माहीत नसताना. नियमाला ते जमलं नसतं." मग म्हणाले, "नियम वाच बघू. तोंडाने. सावकाश वाच."

तिने कागदावर लिहून आणलेला नवा नियम वाचला. संशय आला तर मेल टोपलीत ठेवायचा. न बघता काहीही टाकायचं नाही. बावतीसनी ऐकलं आणि मान हलवली. आग्नेसबाई आतून चहा घेऊन आल्या, तीन कप.

परत आल्यावर वैजयंतीने सरोदेबाईंना लिहिलं, "मुलीला सांगा, तिच्या बाबांनी कळवलं होतं. वेळेवर कळवलं होतं. चूक माझी आहे." मग बावतीसचं नाव होतं तिथे परत लावलं आणि का पुसलं होतं तेही सगळ्यांना सांगितलं. टोपल्या परत भरायला लागल्या तशी पुष्कळांनी नाकं मुरडली. काही जण पाखडण सोडून गेले. तिने जाऊ दिलं.

बावतीसचा एक डोळा बरा झाला, दुसरा अंधूकच राहिला. आता दोघांचं काम फोनवर चालतं. आणि महिन्यातून एखाददा वैजयंतीच्या टोपलीत, लॉटरीवाल्यांच्या आणि बँकवाल्यांच्या गर्दीत, आग्नेसबाईंच्या मोबाईलवरून आलेला एक मेल सापडतो. "अभिनंदन! आपल्याला आमच्या केळींच्या सुकेळ्यांचा एक पुडा लागला आहे. तातडीने संपर्क साधा. लगेच फोन करा." हा मेल सरळ पेटीत यावा असा नियम तिला सहज लिहिता येईल. ती लिहीत नाही. रोज सकाळी चहा घेताना ती टोपली उघडते आणि फोलपट हाताने चाळते.

तात्पर्य: जपून ठेवलेलं फोलपट उद्याही टाकता येतं, पण न बघता टाकलेला दाणा परत हाक मारत नाही, म्हणून कोणालाही टाकण्याआधी एकदा नीट बघावं, आणि आपलं माणूस गप्प झालं तर रागावण्याआधी त्याच्या दारात जाऊन यावं.