चिमाबाईच्या चुलीतला ओंडका

केवळनाथ महाराज आडदऱ्यास कुठून आले, हे कोणालाच ठाऊक नाही. डोंगराच्या कुशीतले ते पंचवीस-तीस उंबऱ्यांचे गाव. तीन बाजूंना कडे, चौथ्या बाजूला नदी आणि पावसाळ्याचे चार महिने वर ढगांचे झाकण. नदीकाठच्या महादेवाच्या देवळात महाराज राहत. अंगावर एक घोंगडी आणि जवळ एक कमंडलू, एवढाच त्यांचा संसार. गावचे रंगोजी पाटील एकदा म्हणाले, "म्हाराज, साधूफुडं धुनी पायजे. लाकडं माझ्याकडनं. आडदऱ्याची धुनी म्हणून मुलखात नाव व्हईल." महाराज हसून म्हणाले, "पाटील, गावात एवढ्या चुली पेटतात. वेगळी धुनी कशाला हवी?" पाटलांना तो आपला अपमान वाटला. महाराज काय म्हणाले, ते त्यांना पुढे एका पावसाळ्यात कळले. त्याच पावसाळ्याची ही हकिकत. हकिकत तशी सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. महाराजांची कृपा दर वेळी पेढे घेऊन येते, असे थोडेच आहे?

त्या गावात चिमाबाई नावाची विधवा होती. दिवसभर लोकांची लाकडे फोडावी आणि संध्याकाळी पदरात पडेल ती नाचणी घेऊन घरी यावे, यात तिचा जन्म चालला होता. लाकडातले तिला जेवढे कळे तेवढे पंचक्रोशीत कोणाला कळत नसे. फोडलेल्या दोन ढलप्या ती कानाजवळ एकमेकींवर आपटी. खणखणीत आवाज आला, की लाकूड वाळले. बद्द आवाज आला, की आत अजून पाणी आहे. चैत्रात फोडायचे, वैशाखभर उन्हात उलटेपालटे करायचे आणि मृगाआधी पडवीत रचायचे, तेही असे की मधून वारा खेळला पाहिजे. "लाकडालाबी श्वास घ्याया लागतो," असे ती म्हणे. मग देवळात जाऊन महाराजांच्या पायरीवर डोके ठेवी. मागणे म्हणून तिने कधी काही मागितले नाही.

पाटलांचा मामला निराळा. त्यांच्या वाड्यामागे लाकडांची एक स्वतंत्र खोली होती, ऐन आणि किंजळीच्या लाकडांनी आढ्यापर्यंत भरलेली. चोरी होईल या धास्तीने त्यांनी त्या वर्षी कुडाच्या भिंतींची सगळी भोके शेणमातीने लिंपून घेतली आणि दाराला भलेथोरले कुलूप घातले. चिमाबाई तिथेच लाकडे फोडत होती. तिला राहवले नाही. ती म्हणाली, "मालक, भोकं बुजवू नगा. लाकूड आत घामेजंल."

पाटील पोट धरून हसले. "ऐका रं! लाकडाला घाम येतुया म्हणं. उद्या म्हणंल, लाकडाला जेवाय वाढा!" मग हसू आवरून म्हणाले, "चिमे, लाकडं फोडाया बलावलंय तुला. अक्कल शिकवाया न्हाई."

चिमाबाईने कुऱ्हाड उचलली आणि खाली मान घालून पुढचा ओंडका उभा केला.

त्या वर्षी आर्द्रा नक्षत्राची झड लागली ती उघडायचे नावच घेईना. सूर्य म्हणून काही असतो, हेही माणसे विसरली. घरांच्या भिंतींना ओल आली, कपडे अंगावरच वाळवावे लागले. अशात एक परमुलखातली म्हातारी, सुया-मणी विकत फिरणारी, देवळाच्या ओसरीला आली आणि दोन दिवसांच्या तापात तिथेच गेली. तिचे नाव-गाव कोणालाच माहीत नव्हते. महाराजांनी तिचे डोळे मिटले आणि गावकऱ्यांना म्हणाले, "हिला अग्नी द्यायला हवा."

सगळ्यांनी पाटलांकडे पाहिले. पाटील म्हणाले, "आख्खा पावसाळा फुडं पडलाय. माझी लाकडं वाटंवर पडल्याल्या मढ्यासाठी न्हाईत. न्हेऊन सोडा नदीत."

हाच माणूस धुनीला लाकडे द्यायला निघाला होता!  चिमाबाई मात्र उठून घरी गेली. तिने पडवीतली आपली बेगमी उतरवली, चार महिन्यांचे लाकूड, आणि चार गड्यांकरवी मसणवट्यात धाडले. स्वतःसाठी तिने दोन-तीन मोळ्या तेवढ्या ठेवल्या. एकटीच्या चुलीला पुरतील, असा तिचा हिशेब. त्या अनोळखी म्हातारीचे सरण पावसातही भडभडून पेटले.

पण माणसाचे हिशेब देवाजवळ कुठे टिकतात! पाचव्या दिवशी चिमाबाईची लेक हौसा बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायला दोन महिने होते, पण पूर चढायच्या आत आलेले बरे म्हणून सासरच्यांनी डोलीतून आणून सोडले. वाटेतल्या हिसक्यांनी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोकळी झाली. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. रडण्याचेही त्राण तिच्यात नव्हते. सुईण म्हणाली, "चिमे, हे लेकरू उबंवर जगंल. बाजंखाली शेगडी इझू देऊ नगंस. इझली तर माझा इलाज न्हाई."

दोन-तीन मोळ्या आणि समोर अख्खा पावसाळा! चौथ्या दिवशी लाकडे संपली. शेजारणींनी दोन-दोन गोवऱ्या दिल्या, त्याही संपल्या. त्यांच्याच चुली पोटाला पुरत नव्हत्या, त्या तरी काय देणार? काडेपेटी तेव्हा आडदऱ्यात आलेली नव्हती. शेजारून विस्तव मागून आणला, तरी त्यावर घालायला लाकूड कुठले? चिमाबाईने शेवटचा निखारा राखेत पुरला आणि ती पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली.

पाटील ओसरीवर पान जुळवत बसले होते. तिला पाहून म्हणाले, "या, दानशूर! मढ्याला लाकडं वाटली, आता त्या मढ्यालाच सांग की शेगडी पेटवाया."

"मालक, मी चुकली असंन. पर लेकराकडं बघा. सा दिसांचं हाय."

आतून पाटलांच्या आईचा, म्हाळसाबाईंचा थकलेला आवाज आला, "रंगा, दे रं तिला चार लाकडं."

"तू गप पड, आई," पाटील म्हणाले. कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेलाच होती, पण ते जागचे हलले नाहीत.

चिमाबाई तशीच भिजत देवळात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने तोंड उघडून मागितले, "म्हाराज, इस्तव जाया लागलाय. माझी नात गारठून मरंल."

महाराज उठले. पुराच्या पाण्याने पायरीशी आणून टाकलेला एक ओंडका त्यांनी उचलला. हातभर लांब, काळा आणि शेवाळलेला. त्यातून पाणी ठिबकत होते. तो तिच्या हातात देत महाराज म्हणाले, "हा घे. टोक विस्तवावर ठेव आणि जळेल तसतसा पुढे सरकव. मात्र फोडू नकोस. आणि कोणी विस्तव मागायला आले, तर नाही म्हणू नकोस."

घरी येऊन चिमाबाईने सवयीने त्यावर कुऱ्हाडीचा दांडा आपटला. बद्द! जन्मभर लाकूड फोडलेल्या बाईला दुसरे काही सांगायला नको होते.  हा ओंडका निखाऱ्यावर ठेवला, की निखाराही विझणार, हे तिला डोळ्यांनी दिसत होते. "म्हाराज, माझ्या कानांवर इस्वास ठेवू का तुमच्यावर?" असे ती मोठ्याने म्हणाली आणि डोळे मिटून तिने ओंडक्याचे टोक निखाऱ्यावर टेकवले.

फुंकणी फुंकायचीही गरज पडली नाही. ओंडक्याच्या टोकाला बोटभर ज्योत उभी राहिली. धूर नाही, ठिणगी नाही. तिने हौसाची बाज चुलीजवळ ओढून घेतली, तेव्हा कितीतरी दिवसांनी हौसाचा चेहरा सैलावला आणि बाळाने पहिल्यांदा मूठ उघडली. काय सांगावी त्या मायलेकींची अवस्था! दोघी हसल्या आणि लगेच रडल्या.

पाच दिवस तो ओंडका जळत राहिला. त्याचा निखारा साठत नसे, पडे ती नुसती पांढरी राख. जे काही तेज होते, ते त्या टोकाला. हळूहळू तो वीतभर उरला. बाळ आता दूध ओढू लागले होते, पण अंगात ऊब धरत नव्हते.

इकडे पाटलांच्या घरातली लाकडे संपली, म्हणून त्यांनी खोलीचे कुलूप काढले. दार उघडताच कुबट वाफ तोंडावर आली. आढ्यापर्यंतचा ढीग पांढऱ्या बुरशीने माखला होता. लाकूड हाताला ओले आणि मऊ लागत होते. चुलीत घातले की नुसता धूर. म्हाळसाबाई तीन दिवस घोंगड्यांखाली कुडकुडत होत्या. "रंगा, थंडी वाजती रं, जरा जाळ कर," एवढेच म्हणत होत्या. पाटील चुलीपुढे बसून डोळे लाल होईपर्यंत फुंकत राहिले. जाळ काही झाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी म्हातारीने हाक मारणे बंद केले.

मसणवट्यात पाटलांचीच लाकडे रचली. घरोघरचा विस्तव तीनदा मडक्यातून नेला आणि तीनदा विझला. दुपार कलली. पावसात उघड्यावर पडलेली आई आणि न पेटणारे सरण! पाटलांनी कोणाकडे पाहिले नाही. ते थेट चिमाबाईच्या अंगणात आले आणि पागोळ्यांखाली उभे राहिले. सुतकी माणूस, बाळंतिणीच्या घरात पाऊल कसे टाकणार?

"चिमाआक्का," ते म्हणाले. चिमी म्हणायची सवय कुठल्या कुठे गेली होती. "आईला अग्नी मिळंना. तुज्या चुलीत जाळ हाय म्हणत्यात."

शेजारीण धावत आली. "चिमे, खुळी हाईस का? बारसं व्हयाच्या आत बाळंतिणीच्या घरचा इस्तव भायेर देत्यात व्हय? आन् त्योबी मसणात!"

चिमाबाईने चुलीकडे पाहिले. अर्धा द्यावा, तर महाराजांनी फोडू नकोस म्हटलेले. अख्खा द्यावा, तर चुलीत राख उरणार. न द्यावा, तर? "दे रं तिला चार लाकडं," हा आवाज तिच्या कानांत अजून होता. गावात तिच्यासाठी बोललेले तेवढे एकच माणूस आता पावसात पडले होते. तिने चिमट्याने वीतभर ओंडका उचलला, मडक्यात ठेवला आणि मडके उंबऱ्याबाहेर टेकवले.

"आये, काय केलंस गं!" हौसाने हंबरडा फोडला.

 चिमाबाईने बाळाला छातीशी घेतले, वरून लुगडे गुंडाळले आणि विझल्या चुलीपुढे बसली. चुलीतली धग उतरत गेली. बाळाचे तळवे आधी गार झाले, मग पावले. ओठांवर निळी छटा आली. "म्हाराज, तुमीच नाही म्हणू नगंस म्हणाला," ती पुटपुटत होती. त्यात गाऱ्हाणे होते, रागही होता. का नसावा? नदीकाठी, दारातून दिसत होते तिथे, मसणवट्यात एकाएकी धुराचा लोट उठला आणि त्याखाली लालभडक जाळ दिसला. म्हाळसाबाईंना अग्नी मिळाला. पाऊस तसाच कोसळत होता.

ते पाहून चिमाबाईने एका हाताने चुलीतली राख चाचपली, चुकून एखादी ठिणगी राहिली असेल म्हणून. हात चटकन मागे घेतला. राख तापली होती! तिच्या डोळ्यांदेखत राखेतून बोटभर ज्योत उभी राहिली. मग दुसरी, मग तिसरी. चुलीत एक काटकी नव्हती. नुसत्या राखेवर जाळ चालला होता. हौसा बाजेवरून उठून बसली. चिमाबाईने बाळाला चुलीशी धरले, तळवे शेकले, पावले शेकली. निळे ओठ हळूहळू तांबूस झाले आणि त्या ओंजळीएवढ्या जिवाने असा टाहो फोडला, की शेजारणीने घरातून ऐकला.

दिवेलागणीला रंगोजी पाटील नदीवर अंघोळ करून ओलेत्याने परत आले, ते घरी न जाता चिमाबाईच्या अंगणात आले. बरोबर महाराज होते. पाटील पागोळ्यांच्या पलीकडेच थांबले. उघड्या दारातून त्यांना ती चूल दिसली. लाकडावाचून जळणारी. 

महाराज म्हणाले, "पाटील, तुम्हाला धुनी हवी होती ना? ही बघा."

पाटील महाराजांच्या पायांवर वाकू लागले, तसे महाराज बाजूला झाले. समोर उरला तो चिमाबाईचा उंबरा. त्या दिशेने, अंगणातल्या चिखलात, गावच्या पाटलाने साष्टांग लोटांगण घातले.

"आक्का," ते म्हणाले, "लाकडांनी भरल्याल्या घरात माझी आई गारठून गेली गं."

चिमाबाईचे डोळे वाहत होते. नातीला तसेच छातीशी धरून ती दाराशी आली. त्यांना उठा म्हणावे, काही चांगले बोलावे, असे तिला वाटत होते, पण लाकडांपलीकडचे बोलणे तिला कधी जमलेच नव्हते.

"मालक," ती म्हणाली, "सकाळी कुडाची भोकं मोकळी करा. वारं लागलं की वाळंल समदं. मी येती रचाया."

पाटलांनी मान वर केली नाही. कपाळ चिखलाला टेकवून ते तसेच पडून राहिले, आणि आत राखेवरचा जाळ शांतपणे जळत होता.