राजाच्या खांद्यावरचं पाखरू

एका राज्यात राजा कधी काही मागत नसे, फक्त फर्मावत असे. दंडधर त्याचं नाव. पाणी हवं असलं तरी हुकूम, पाहुणा हवा असला तरी हुकूम. राजाने कुणाला विनंती करायची नाही, ही तिथली सात पिढ्यांची रीत होती, आणि सगळे ती निमूटपणे पाळत होते.

एकदा राजाला वाटलं, समुद्रातल्या बेटावरच्या मांत्रिकाला भेटीला बोलवावं. मांत्रिकाची भाषा इंग्रजी. दरबारचे दुभाषी नागोपंत पत्र लिहायला बसले. चाळीस वर्षं हुकूमच उतरवलेला हात तो! 'कृपा करून यावे' लिहायच्या जागी त्यांनी 'मस्ट' लिहिलं, म्हणजे 'आलेच पाहिजे'.

मांत्रिक आला, पण वाऱ्यावर बसून आणि डोळे लाल करून. "मला सक्ती करणारा हात कोणता?" त्याने विचारलं, आणि नागोपंत लेखणीसकट दगड झाले. तो दगड हळूहळू जमिनीत रुतू लागला. त्याच घटकेपासून राजाचा हुकूम कुठेच चालेना. दारं उघडेनात, नावा हलेनात. दरबाराचं धाबं दणाणलं.

नागोपंतांची लेक सगुणा तेवढी रडत बसली नाही. दगड घोट्यापर्यंत रुतला तेव्हा ती लहानशी होडी वल्हवत बेटावर गेली. ती कुणाच्या हुकुमाने निघाली नव्हती, म्हणून होडी हलली.

"माझे बाबा परत द्या," ती म्हणाली.

मांत्रिकाने पिंजरा उघडला. तीन पाखरं बाहेर आली. "हे कॅन. अंगात बळ असलं तर बोलतं. हे मे. मुभा मागायची असली तर बोलतं. हे मस्ट. जे टाळता येत नाही, ते बोलतं. तीन कामं, तीन पाखरं. चुकलीस तर तूही दगड."

पहिलं काम काचेच्या कड्यावरची घंटा वाजवायचं. कॅन तिच्या मनगटावर बसून म्हणालं, "जमेल?" फुशारकी मारायचा मोह कुणाला होत नाही? पण सगुणाने कड्याकडे नीट पाहिलं. "चढायला जमेल. उतरायला नाही जमणार," ती म्हणाली. खरं ऐकून कडा खूश झाला आणि त्याने वेलींचा दोर खाली सोडला. घंटा वाजली.

दुसरं काम सोन्याचं लिंबू आणायचं. झाड हाताशी, राखणदार कुणी नाही. सगुणाचा हात पुढे झालाच होता! तिच्या राज्यात राजाचा माणूस दिसेल ते उचलत असे. मग तिची तिलाच लाज वाटली. तिने हात मागे घेतला आणि मे पाखराला पुढे केलं. "झाडबाबा, एक घेऊ का?" पाखरू तिच्या वतीने म्हणालं.

"घे बाळ," झाड म्हणालं. "तोडून नेणारे पुष्कळ आले. विचारणारी तू पहिली." फांदी आपण होऊन वाकली.

"तिसरं काम तुझ्या दरबारात," मांत्रिक म्हणाला. "ज्याच्या खांद्यावर मस्ट बसायला हवं, त्याच्या खांद्यावर बसव."

सगुणा परतली तेव्हा दगड हनुवटीपर्यंत रुतला होता.

"ते पाखरू मांत्रिकावर सोड!" राजा गरजला. "त्याला माझा हुकूम ऐकावाच लागेल."

सगुणा सिंहासनाची पायरी चढली आणि तिने मस्टला राजाच्याच खांद्यावर बसवलं.

"महाराज, शब्द बाबांनी लिहिला," ती म्हणाली, "पण शिकवला तुम्ही. हा शब्द तुम्ही सगळ्यांवर लादलात, स्वतःवर एकदाही नाही."

एवढंसं पाखरू, पण जात्याच्या तळीएवढं जड झालं. राजा वाकला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवटी दगडातल्या त्या दोन डोळ्यांकडे पाहिलं. दगड ओठांपर्यंत गेला होता.

"चूक माझी," राजा हळूच म्हणाला. "क्षमा मागणं मला भाग आहे." मग तो सिंहासनावरून उतरला आणि जमिनीवर गुडघे टेकून बसला. "नागोपंत, मला क्षमा कराल? बाहेर याल का?"

सात पिढ्यांत त्या दरबाराने राजाच्या तोंडून पहिल्यांदाच विनंती ऐकली. जमीन दुभंगली आणि नागोपंत अंग झटकत वर आले. लेखणीवरची शाई अजून ओली होती! सगुणाने त्यांना कडकडून मिठी मारली, आणि तेव्हा कुठे ती पोटभर रडली. राज्यातली सगळी दारं धाडधाड उघडली, नावा आनंदाने डोलत खोल पाण्यात गेल्या.

नागोपंतांनी नवं पत्र लिहिलं. मजकूर राजाने सांगितला: 'आपण याल का? आलात तर आनंद होईल.' मांत्रिक दुसऱ्याच दिवशी आला, हसत आला, आणि सोन्याच्या लिंबाचं सरबत तीन पेले प्याला.

मस्ट मात्र परत गेलं नाही. ते राजाच्या खांद्यावरच राहिलं, आणि राजानेही त्याला कधी उडवून लावलं नाही. पाखरू तिथे बसलं, राज्याची घडी बसली, आणि आपली कहाणीही इथेच बसली.