उतरणीची वाट

करवंदीच्या जाळ्या आणि काळे कातळ यांनी भरलेल्या एका जंगलात एक हरिणी राहत असे. फासात सापडून तिचा पुढचा उजवा पाय मोडला होता. तो जुळून आला, पण वाकडा. सपाटीवर ती कळपाबरोबर चाले. अडचण उन्हाळ्याची होती. पायथ्याचा ओढा आटला की पाणी उरे ते फक्त डोंगरमाथ्यावरच्या झऱ्याला. तिथे जाता आले नाही, तर तिला जंगल सोडून गावाकडच्या तळ्यावर जावे लागणार होते आणि तिथे कुत्र्यांचा सुळसुळाट होता.

पळस फुलला की सगळे प्राणी मिळून झऱ्याची वाट नीट करत. त्या वर्षी हरिणीसाठी ती जास्तच सोपी करायचे ठरले. रानडुकराने आडव्या मुळ्या उकरल्या, अस्वलाने दगड बाजूला लोटले. देखरेख माकडाकडे होती. काम संपल्यावर त्याने एक हात छातीशी धरला आणि उरलेल्या हातापायांवर वाट चढून दाखवली. मध्ये दोनदा ते वरच्या फांदीला लोंबकळले, हे त्याच्या लक्षातही आले नाही. हरिणीच्या आले, पण ती गप्प राहिली. एवढ्या सगळ्यांनी आपल्यासाठी घाम गाळला, त्यात खोट कशी काढायची?

दुसऱ्या दिवशी ती वर गेली आणि पोटभर पाणी प्याली. उतरताना मात्र पहिल्याच कातळावरून घसरली आणि दुपारभर जाळीत अडकून पडली. माकड म्हणाले, "एवढी सोपी वाट केली तरी हिला जमत नाही. हिने आपलं गावाकडे जावं, हेच बरं." इतरांना ते पटले नाही. त्यांनी माकडालाही हाताशी घेऊन पळसाच्या पानांच्या द्रोणातून पाणी आणून पाहिले, पण निम्मे वाटेतच सांडे आणि उरलेले पोहोचेपर्यंत दिवस कलत असे. चौथ्या दिवशी हरिणी कोणाला न सांगता गावाकडे निघाली.

जंगलाच्या कडेला तिला म्हातारी घोरपड भेटली. हरिणीने तिला सगळे सांगितले. घोरपडीने विचारले, "तुझा पाय नेमका अडतो कुठे?"

"चढताना नाही, मावशी. उतरताना. तेव्हा सगळा भार पुढच्या पायांवर येतो."

"मग हे त्यांना सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलंच नाही."

"आणि तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

घोरपड तिला परत घेऊन आली आणि हरिणीने सगळ्यांना उतरणीची अडचण सांगितली. या वेळी हरिणी पुढे चालली आणि बाकीचे मागून. तिचा पाय जिथे कचरला, तिथे वाट वळवली. ती डोंगराला वळसे घेत तिप्पट लांब झाली. "ही वाट आहे की अजगर?" असे म्हणत माकड कुरकुरले. पण आठवड्याभरात पिल्लांची आई झालेली डुकरीण आणि गुडघे धरलेले अस्वलही त्याच वाटेने उतरू लागले.

एकदा माकड पूर्वीसारखे द्रोण घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, पाणी आणू का?"

"राहू दे, दादा," हरिणी म्हणाली. "मी जाऊन येते."

तात्पर्य : मदत करण्याआधी, ज्याला ती हवी त्याला विचारावे, आणि ज्याची अडचण आहे, त्यानेही ती संकोच न करता सांगावी.