क्लचप्लेटचा नकार

घाटात माणसं वाहणारी एक जुनी जीप होती, तेव्हाची गोष्ट. तिचा ड्रायव्हर बाबल परब डावा पाय सदा क्लचवरच टेकवून ठेवी. चढावर गाडी थांबली, तरी अर्ध्या क्लचवरच तोलून धरी. इंजिनाला पकडून त्याचा जोर चाकांना देणारी क्लचप्लेट झिजत गेली. जळका वास येऊ लागला. इंजिन ओरडे, पण जीप रेंगाळे. बाबल ॲक्सिलरेटर आणखी दाबी.

एकदा भर चढावर प्लेट म्हणाली, “बस्स! आता मी पकडणार नाही.”

“भंगारात फेकीन तुला!” बाबल गरजला.

“खुशाल फेक. वास देऊन सांगितलं, घसरून सांगितलं. आता थांबून सांगते.”

जीप थांबली. प्रवाशांबरोबर बाबललाही चढ पायी चढावा लागला.

पुढे नवी प्लेट बसली. गिअर बदलला, की बाबल पाय मुकाट्यानं क्लचवरून खाली घेऊ लागला.