वरच्या फांदीवरचा हुप्प्या

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक हुप्प्या राहत असे. हुप्प्या म्हणजे वानरांच्या टोळीचा म्होरक्या, हे तुम्हाला ठाऊक असेलच. राहत असे हे आपले म्हणायचे, मुलांनो. खरे तर तो नुसता जागत असे. उजाडले की ऐनाच्या झाडाच्या सर्वांत उंच फांदीवर जाऊन बसायचा, तो पार दिवस मावळेपर्यंत तिथेच. डोळे लाल, खांदे उतरलेले आणि उंबर पिकले तरी तोंडाला चव नाही. त्यातून त्याचे धाकटे पोर नुकतेच आईला सोडून जमिनीवर उड्या मारायला लागले होते. त्याच्या काळजीने हुप्प्याने दुपारची डुलकीही सोडली होती. टोळीत वानरे एकवीस, पण दमलेला एकटा तोच. आणि एवढे दमायला त्याला कोणीही सांगितले नव्हते.

त्या टोळीत राखणीची एक जुनी रीत होती. बाकीच्यांनी उंबराखाली पडलेली फळे खायची आणि एकाने शेजारच्या ऐनावर बसून पहारा द्यायचा. सावली खोडाच्या या अंगाची त्या अंगाला गेली की पाळी बदलायची. राखणदाराने 'खक्' केले की हातातले फळ टाकून सगळ्यांनी झाड गाठायचे. बिबट्या खरा की खोटा, ते वर गेल्यावर बघायचे. खाली चितळांचा कळप चरत असे. वानरांनी टाकलेला पाला त्यांना मिळायचा आणि चितळांचे तिखट नाक वानरांच्या कामी यायचे. असे कित्येक वर्षे सुरळीत चालले होते.

मग हा हुप्प्या म्होरक्या झाला. सुरुवातीच्या दिवसांतलीच गोष्ट. पहाऱ्यावर एक वानरीण होती. दोन पोरांची आई, नजर चांगली, बोलणे कमी. तिने 'खक्' केले, सगळे धडपडत झाडावर गेले आणि करवंदीच्या जाळीतून बाहेर आले एक रानडुक्कर. तोंडाला चिखल लागलेला, आपल्याच नादात. वानरे हसली. तेवढ्यावर भागले असते, पण हुप्प्याच्या हातून चांगले पिकलेले उंबर खाली पडले होते आणि डुकराने नेमके तेच खाल्ले. तो सगळ्यांसमोर वानरिणीवर उखडला.

"डुक्कर कोण आणि बिबट्या कोण, एवढंही कळत नाही तुला? सगळ्यांचं खाणं मोडलंस. इथून पुढे काही हललं तर आधी मला सांगायचं. खात्री मी करीन आणि ओरडायचं की नाही, तेही मीच ठरवीन."

"बरं, आबा," वानरीण म्हणाली.

झाले. खात्री करायची तर वर बसायला हवे, म्हणून हुप्प्या वर बसू लागला. पहाऱ्याच्या पाळ्या तशाच राहिल्या, पण प्रत्येक राखणदाराच्या डोक्यावरच्या फांदीवर हा असायचाच. "आबा, ते पान हललं." "वारा आहे." "आबा, ते पिवळं काय आहे?" "वाळलेलं पान आहे रे." संध्याकाळपर्यंत उत्तरे देऊन देऊन त्याचा घसा बसायचा. पुढे पुढे राखणदारांनी विचारणेही सोडले. मान वर करून ते नुसते त्याच्या चेहऱ्याकडे बघत. तो शांत दिसला की सगळे आलबेल. अखेर नजर जंगलावर ठेवायची सोडून सगळे जण हुप्प्यावर ठेवू लागले. "माझ्याशिवाय इथे पान हलत नाही," असे तो येता-जाता म्हणायचा. त्यात कुरकुर होती आणि, खोटे कशाला बोला, थोडी फुशारकीही होती.

चितळांच्या कळपातली एक म्हातारी हरिणी हे सगळे बघत होती. एकदा ती ऐनाखाली येऊन म्हणाली, "भाऊ, जरा डोळा लावा की. पहाऱ्यावर ती बसलीय ना?"

"ती बसलीय, पण तिला समजत नाही."

"समजत नाही, का तुम्ही समजू देत नाही?"

हुप्प्याने एक डहाळी तोडून खाली टाकली. म्हणजे बोलणे संपले. हरिणीने पाला खाल्ला आणि ती निघून गेली.

चैत्रातली एक दुपार होती. खालच्या फांदीवर पहाऱ्याला तीच वानरीण होती, वरच्या फांदीवर हुप्प्या. ऊन असे, की जाळ्यांतले पक्षीही गप्प झाले होते. हुप्प्याने डोळे ताणून बघितले, गाल खाजवला, दोनदा जांभई दिली आणि बसल्या बसल्याच त्याला झोप लागली. पाठ ताठ, हनुवटी छातीवर. खालून बघणाऱ्याला वाटावे, आबा खाली लक्ष ठेवून आहेत. उंबराखाली त्याचे धाकटे पोर एका वाळक्या काटकीशी झुंजत होते.

पलीकडे करवंदीची जाळी हलली. वारा इकडून तिकडे होता आणि जाळी हलली ती तिकडून इकडे. वानरिणीने ते पाहिले. तिने मान वर करून हुप्प्याकडे बघितले. तो शांत होता. थोड्या वेळाने जाळी पुन्हा हलली, आता जवळची, आणि तिला दोन कानांची टोके दिसल्यासारखी वाटली. 'खक्' घशापर्यंत आले. तिने परत वर पाहिले. आबा काही बोलत नाहीत, म्हणजे डुक्कर असेल, असे म्हणून तिने ते गिळून टाकले.

वारा उलटा असल्यामुळे हरिणीला वास फार उशिरा लागला. तिने पाय आपटून हाक दिली आणि त्याच क्षणी बिबट्याने उडी घेतली. पोराच्या आईने पोराला उचलले, ती खोडाला झोंबली, वर सरकली. बिबट्याचा पंजा खाली आला. पोर वाचले, पण त्याचे अर्धे शेपूट पंजाखाली राहिले. वानराचा सगळा तोल शेपटात असतो, मुलांनो. ते एकदा गेले की परत येत नाही.

बिबट्या निघून गेल्यावर हुप्प्या खालच्या फांदीवर उतरला.

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं. दोनदा," वानरीण म्हणाली.

"मग ओरडली का नाहीस?"

"तुमच्याकडे बघितलं. तुम्ही शांत होतात."

"मला झोप लागली होती गं."

"ते मला खालून कसं कळणार, आबा?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती रागावली असती तर बरे झाले असते, असे हुप्प्याला वाटले. त्याला ओरडायचे होते, पण ओरडायचे कोणावर? एकवीस वानरांचे बेचाळीस डोळे, आणि त्यांतल्या दोनच डोळ्यांनी बघायचे, असा नियम त्याने स्वतःच घालून दिला होता. ते दोन आज मिटले. पलीकडे आई पोराची जखम चाटत होती आणि पोर रडून रडून झोपले होते. त्या दिवशी हुप्प्याला आपल्या थकव्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो ऐनावर चढलाच नाही. खोडाला पाठ टेकून खाली बसला आणि वानरिणीला म्हणाला, "आज वर तू एकटीच. मला विचारू नकोस, मी बघणार नाहीये."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर सगळे मिळून झाडावर चढू. दुसरं काय?"

बोलणे सोपे होते, बसणे नव्हते. त्याची मान सारखी जाळीकडे वळू बघत होती. तो मुकाट्याने मुंग्यांची रांग बघत राहिला. पोर त्याच्यासमोर उडी मारायचे, तोल जाऊन पडायचे, पुन्हा उठायचे. एवढ्यात वरून 'खक्' आले, जरा कापरे. सगळे झाडावर पळाले, हुप्प्याही आखडलेले गुडघे घेऊन त्यांच्या मागे चढला. जाळीतून बाहेर आले ते रानडुक्कर. सगळ्या टोळीने हुप्प्याकडे बघितले. वानरिणीचा चेहरा उतरला. खाली हुप्प्याचे अर्धे खाल्लेले उंबर डुकराने तोंडात घेतले.

हुप्प्याने एक मोठा श्वास घेतला. "ओरडलीस ते बरं केलंस," तो म्हणाला आणि खाली उतरला.

वानरीण वळून बसली, जंगलाकडे तोंड करून.

हुप्प्याने दुसरे उंबर उचलले, माती पुसून खाल्ले. गोड लागले. मग खोडाला टेकून त्याने डोळे मिटले आणि त्याला गाढ झोप लागली. दुपार कलताना वरून पुन्हा 'खक्' आले, या वेळी कापरे नव्हे, चांगले ठणठणीत. सगळ्यांत शेवटी जाग आली ती हुप्प्याला. डोळे उघडून बघतो तो सगळी टोळी आधीच झाडावर, आणि तुटक्या शेपटाचे पोर फांदीला घट्ट धरून त्याला हाका मारतेय, "आबा, चढा. लवकर चढा." तो चढला. या खेपेला आलेला बिबट्या खराच होता. ऐनाखाली तो थोडा वेळ वर बघत उभा राहिला आणि उपाशीच निघून गेला.

तात्पर्य : सोबत्याची एक खोटी हाक ज्या म्होरक्याला सोसत नाही, त्याला खरी हाक कधीच ऐकू येत नाही.